फाटकापाशीच बंद पडणारी पिकअप

"व्हर्ना, गॅरेजला कुलूप लाव आणि इकडे ये. हार्लन ओस्बी गेला."

व्हर्ना टोलेफसनने हातातला पाना सावकाश खाली ठेवला. "कसा?"

"सकाळी सात वाजता. पिकअप रुळांवर बंद पडली आणि धान्याची मालगाडी आली." फोनवर शेरीफ बर्कहार्टचा आवाज थंड होता. "तू परवा दुरुस्त करून दिलेली पिकअप."

शेरीफच्या आवारात ती पिकअप उभी होती. चौसष्ट सालची. मालगाडीच्या धडकेने मागचा हौदा चेपला होता, एक कोलांटी खाऊन टपही बसलं होतं. ड्रायव्हरशेजारच्या बाजूचं, उजवं दार उघडं लोंबत होतं. बाजूला तिघं उभी होती: हार्लनची बायको अ‍ॅडलाइन, पुतण्या लाइल आणि कुंपणावरून ओस्बींशी वर्षानुवर्षं भांडणारा शेजारी ऑरिन स्टूब.

"आलीस?" अ‍ॅडलाइन म्हणाली. "माझा नवरा मारलास, आता बघायला आलीस."

व्हर्नाने मान खाली घातली.

"दोन वाजता सरकारी वकील येतोय," शेरीफ म्हणाला. "निष्काळजीपणाने मृत्यू. तुरुंग आहे त्यात, व्हर्ना. काही सांगायचं असेल तर दोनच्या आत."

"मला आधी विचारायचंय."

"मिस्त्रीणबाई आता आम्हाला विचारणार," लाइल म्हणाला.

"विचारू दे," शेरीफ म्हणाला.

"सकाळी काय झालं, लाइल?"

"रोजचंच. काका चालवत होते, मी शेजारी. रूळ ओलांडून कुरणाच्या फाटकापाशी थांबलो. मी उतरलो, दार लावलं आणि फाटक उघडायला गेलो. मागे इंजिन बंद पडलं. काका चावी फिरवत राहिले, पिकअप काही पेटेना. वळणावरून मालगाडी आली. काकांचा खुबा लोखंडाचा. उतरेपर्यंत..."

यात नवल कुणालाच वाटलं नाही. ते फाटक रुळांपासून बारा फुटांवर. गाडीने फाटकाला नाक लावलं की शेपूट रुळांवर राहायचं. मोंटानाच्या त्या भागात सगळे असेच थांबत आणि दुसरा थांबला की त्याला वेड्यात काढत. ड्रायव्हरशेजारी बसेल त्याने उतरून फाटक उघडायचं, हाही तिथला न लिहिलेला कायदा. गव्हर्नर शेजारी बसला असता तरी त्यालाच उतरावं लागलं असतं.

व्हर्ना ऑरिनकडे वळली. "काल तू हिचं बॉनेट उघडलंस. धान्याच्या गोदामापाशी सगळ्यांनी पाहिलं."

"बॅटरी बसली होती त्याची. माझ्या बॅटरीला जोडून चालू करून दिली, वर एक शिवीही दिली. दोन्ही फुकट."

"गाडी जाळीन म्हणाला होतास तू," लाइल म्हणाला.

"म्हणालो होतो. पण वासरांचा हंगाम संपला की तो मला घराबाहेर काढणार नव्हता. तुला काढणार होता."

लाइल एक पाऊल पुढे सरकला. शेरीफने नुसता हात मध्ये धरला.

व्हर्नाने बॉनेट उचकटलं. ठिणगी देणारी कॉइल नवी, तिनेच बसवलेली. प्लगच्या वायरी जागच्या जागी. कॉइलचा करंट तोडणारे-जोडणारे पॉइंट कोरडे. तिने पॉइंटांच्या मध्ये कागदाचा तुकडा सरकवला, म्हणजे तिथून करंट जाणार नाही. मग स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या तपासणीच्या दिव्याचं एक टोक गाडीच्या पत्र्याला लावलं, दुसरं कॉइलला.

दिवा लागला.

तो लागायला नको होता. म्हणजे कॉइलमधून पत्र्यापर्यंत दुसरी कुठलीतरी वाट होती.

"झालं?" अ‍ॅडलाइन म्हणाली. "तुला साधा केबिनचा दिवा नीट करता आला नाही. इंजिन काय करणार होतीस?"

व्हर्नाने मान वर केली. "केबिनचा दिवा? बल्ब बदलला मी. दार उघडून पाहिलंही. लागला."

"त्याच्या बाजूने लागतो. माझ्या बाजूचं दार उघडलं की लागत नाही. महिना झाला."

"आणि तुम्ही उतरलात की इंजिन कधी बंद पडलं?"

"मी चर्चपाशी उतरते. तो आधी इंजिन बंद करतो. फाटकं तो मला उघडू देत नाही, माझे गुडघे गेलेत."

व्हर्ना केबिनमध्ये वाकली. सीटखाली चाचपडली. मग उजव्या दाराच्या खांबाशी गेली आणि दार लागलं की आत दबणाऱ्या छोट्या बटणावर तिने अंगठा दाबला.

"शेरीफ, तो तपासणीचा दिवा बघ."

दिवा विझला. तिने अंगठा काढला. लागला.

"आता सांग," शेरीफ म्हणाला.

"दोन वर्षांपूर्वी यांची पहिली गाडी चोरीला गेली. तेव्हा मिसेस ओस्बींच्या सांगण्यावरून मी या गाडीत सीटखाली चोर-स्विच बसवला. कॉइलची एक वायर तिथे आणली. ती पत्र्याला टेकवली की ठिणगी मरते. हार्लनने तो स्विच एकदाही वापरला नाही, थोतांड म्हणायचा. कुणीतरी ती वायर स्विचवरून काढून उजव्या दाराच्या बटणाला जोडली आहे. त्यासाठी बटणावरची दिव्याची वायर काढावी लागली, म्हणून यांच्या बाजूने दिवा लागेना. दार बंद असलं की गाडी ठणठणीत. उघडं राहिलं की इंजिन मेलं, आणि दार लागेपर्यंत पुन्हा पेटणार नाही."

"मग तुला परवा सापडलं कसं नाही?"

"हार्लन म्हणाला होता, फाटकापाशीच बंद पडते. रस्त्यावर नाही, गावात नाही. मी चाळीस मैल फिरवली, सहा फाटकं उघडली. पण एकटी होते. प्रत्येक वेळी माझ्याच दाराने उतरले. दिवाही माझ्याच बाजूने पाहिला." तिचा आवाज आणखी हळू झाला. "ती चूक माझी. ती मी वकिलालाही सांगेन."

"वायर ऑरिननेही जोडली असेल," लाइल म्हणाला.

"काल जोडली असती तर दिवा महिनाभर कसा बंद असेल? शिवाय वायर जोडून काम होत नाही. रुळांवर दार उघडं टाकणारा माणूस लागतो. ऑरिन हार्लनच्या शेजारी कधी बसला?"

"मी दार लावलं होतं."

"तेच तू मघाशीही म्हणालास. दाराचं तुला कुणी विचारलं नव्हतं, लाइल. लावलं असतं तर चावी फिरवताच इंजिन पुन्हा पेटलं असतं."

"कोलांटीत उघडलं असेल. मी सवयीने लावतोच."

"सवयीने?"

हे अ‍ॅडलाइन म्हणाली होती. ती लाइलकडे बघत होती, बोलणं मात्र शेरीफशी होतं.

"दहा वर्षांचा होता तेव्हापासून हा दार उघडं टाकून फाटकाकडे जातो. आत धूळ येते म्हणून हार्लन रोज ओरडायचा. कालही ओरडला. या पोराने आयुष्यात ते दार लावलेलं नाही. उघडं दिसलं तर कुणाला शंका यायची नाही, हे त्याला ठाऊक होतं."

लाइलने आवाराच्या फाटकाकडे पाहिलं. तिथे ऑरिन जाऊन उभा राहिला होता.

शेरीफने लाइलच्या दंडाला धरलं. लाइलने दंड सोडवला नाही. "तीस वर्षं राबलो मी तिथे," तो म्हणाला. "तीस वर्षं."

अ‍ॅडलाइन व्हर्नाच्या अंगावरून पिकअपपाशी गेली. तिने व्हर्नाकडे पाहिलं नाही. लोंबणारं उजवं दार दोन्ही हातांनी उचलून ढकललं.

कुलपाची जीभ धड होती; लावलेलं दार कोलांटीत उघडलं असतं तर ती मोडली असती. दार खट्कन लागलं.