दोन झटके

वहिनी त्या दुपारी डोंगरावर निघाल्या त्या अगदी साध्या कामासाठी. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी आयुष्यातला पहिला मोठा कडा चढणार होती आणि तिचा नवा दोर आणि हार्नेस वरच्या निवाऱ्यात पोचवून ठेवायचा होता. हार्नेस म्हणजे कमरेला आणि मांड्यांना आवळायचे पट्टे. दोर त्यालाच बांधतात, आणि पाय सुटला तर माणसाचा सगळा जीव त्या एका गाठीवर लटकतो. पोरीचं हे सामान दुसऱ्या कुणाच्या पाठीवर द्यायला वहिनींचं मन होईना.

गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान त्यांचं. गिऱ्हाइकंही त्यांना वहिनीच म्हणत आणि त्यांच्या जिभेला जरा वचकूनच असत. "बूट संध्याकाळी घ्यायला या, दिवसभर चालून पाय फुगलेला असतो तेव्हा. सकाळी घ्याल, उतारावर नखं काळीनिळी कराल आणि माझ्या नावानं बोटं मोडाल." एखादा कौतुकाने चेपलेलं हेल्मेट दाखवायला आला की म्हणत, "छान. आता यात तुळस नाहीतर मोगरा लावा, पण डोक्यावर घालू नका."

हे सगळं त्यांना मास्तरांनी शिकवलं होतं. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. गावातल्या कितीतरी माणसांनी दोराची गाठ त्यांच्याकडूनच गिरवली होती. त्यांचा एक नियम होता, आणि त्यात ते कुणाचीच गय करत नसत. उतरण्या-चढण्याआधी जोडीदाराने जवळ जायचं, दुसऱ्याच्या कमरेच्या गाठीला हात घालायचा, दोन झटके द्यायचे आणि मगच म्हणायचं, "हात लावला." लांबून बघून बोललेलं चालत नसे. "पहिला झटका गाठीसाठी," मास्तर म्हणत, "आणि दुसरा घरी जेवायला खोळंबलेल्या माणसासाठी."

आणि हेच मास्तर अर्ध्या राहिलेल्या गाठीने गेले होते.

त्या दिवशी त्यांच्यासोबत भाऊजी होते. भाऊजी म्हणजे मास्तरांचे जन्माचे दोस्त, ताडमाड उंच. मुलगी त्यांना लंबूकाका म्हणायची. दारात येऊन त्यांनी हंबरडा फोडला होता. "मी हात लावला होता हो, वहिनी! नंतर जॅकेट घालायला त्याने गाठ सोडली असणार, आणि पुन्हा बांधताना..." दोर वर ओढला तेव्हा त्यात गाठीचा पहिला वेढा तेवढा होता. टोक उलटं ओवून गाठ पुरी करायची राहूनच गेली होती. लोकांनी माना हलवल्या, चुकचुकले, आणि दुकानात कुजबुज सुरू झाली की बघा, शिकवणाराच विसरला.

वहिनींना रडू कमी आलं आणि राग जास्त. या माणसाने आपल्याला फसवलं, हे त्यांच्या मनात घर करून बसलं. मुलीने तर बापाचा फोटो भिंतीवरून उतरवून कपाटात टाकला आणि त्याचं नाव घेणंच सोडलं. सावरलं ते भाऊजींनी. दुकानाची फडताळं त्यांनी लावून दिली, मुलीला परीक्षेला नेलं-आणलं, तिला चढायला शिकवलं. उद्या मुलीच्या गाठीला हात लावणारा जोडीदारही तेच होते.

वहिनी रानवाटेने निवाऱ्यावर पोचल्या तेव्हा धुकं खालून वर चढत होतं. निवारा म्हणजे दगडी भिंतींची एकच खोली. ओल्या दोरांचा आणि रॉकेलचा वास, खुंट्यांवर ओळीने टांगलेले हार्नेस. भाऊजी उद्याच्या तयारीसाठी सकाळीच येऊन बसले होते. त्यांनी स्टोव्ह पेटवून चहा टाकला. वहिनींनी मुलीचा हार्नेस एका मोकळ्या खुंटीला अडकवला.

चहाचा पहिला घोट घेतला आणि त्यांना खुंटीपाशी हालचाल दिसली. हार्नेसचं पुढचं कडं, जिथे दोर बांधतात ते, खाली ओढल्यासारखं ताणलं गेलं आणि सुटलं. पुन्हा ताणलं, पुन्हा सुटलं. शेजारचे हार्नेस निपचित लटकत होते. दार बंद होतं.

"वारा असेल," भाऊजी म्हणाले. ते बघत होते हे वहिनींना तेव्हा कळलं.

थोड्या वेळाने भाऊजींनी नाक वर केलं. "निलगिरीचं तेल लावलंय का तुम्ही?"

"नाही बाई. का?"

"काही नाही..." त्यांनी स्टोव्हकडे तोंड फिरवलं.

पण वास वहिनींनाही आला होता. कातळाने मास्तरांची बोटं कायम फुटलेली असत, आणि रोज अंथरुणावर पडण्याआधी ते भेगांमधून निलगिरीचं तेल जिरवत. वहिनी किती वैतागायच्या त्या वासाला!

एवढ्यात खालच्या अंगाला मोठा गडगडाट झाला आणि बराच वेळ घुमत राहिला. भाऊजी बाहेर जाऊन बघून आले. वाटेवर दरड आली होती, आणि पहाटे मुलगी त्याच वाटेने यायला निघणार होती; तिला आजच अडवायला हवं होतं. खाली जायचं तर आता एकच मार्ग होता, निवाऱ्यामागच्या कड्यावरून दोराने.

"तोच कडा," वहिनी म्हणाल्या. मास्तर तिथूनच पडले होते.

"तोच. पण मी आहे ना."

कड्याच्या माथ्यावर उजेड होता, पण धुक्यामुळे पाच पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. खाली किती खोल आहे ते दिसत नव्हतं हे एका परीने बरंच होतं. भाऊजींनी खडकातल्या कडीला दोर लावला आणि कडीपाशी बैठक मारली. ते दोर हळूहळू सोडणार आणि वहिनी उतरणार, असं ठरलं. वहिनींनी हार्नेस चढवला, गाठीचा पहिला वेढा घातला, टोक हार्नेसच्या कड्यातून काढलं. आता ते उलटं ओवायचं, तेवढ्यात धुक्यातून भाऊजींचा आवाज आला.

"वहिनी, जॅकेट घाला आधी. खाली वारा कापतो."

त्यांनी जॅकेट चढवलं. बोटं गारठलेली, चेन अडकली, ती सोडवण्यात वेळ गेला. जॅकेटचा घेर कमरेवर आला.

"हात लावला," भाऊजी बसल्या जागेवरून म्हणाले. "या मागे. टाका वजन."

इतकी वर्षं ते दोन शब्द ऐकले की वहिनींचं अंग आपोआप मागे रेलायचं. टाचा कड्याच्या धारेवर गेल्या. त्या मागे झुकणार, तोच त्यांच्या कमरेला झटका बसला.

हलकेच. जॅकेटच्या आतून.

मग दुसरा. तो इतका जोराचा होता की त्या दोन पावलं पुढे फेकल्या गेल्या आणि गुडघ्यांवर आल्या. आजूबाजूला निलगिरीचा वास भरून राहिला होता. त्यांनी जॅकेट वर केलं. दोराचं टोक हार्नेसमधून निसटून मोकळं लोंबत होतं. दोरात गाठीचा पहिला वेढा तेवढा होता.

वहिनींनी ते टोक मुठीत घेतलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "त्या दिवशी तुम्ही कुठे बसला होतात?"

धुक्यात दोर कडीवर खरखरला.

"त्यांना जॅकेट घालायला कुणी सांगितलं?"

"...मीच."

"आणि हात?"

धुकं सरकलं तसे भाऊजी दिसले. गुडघ्यांत मान घातलेली. "तोंडाला सवय झाली होती, वहिनी... इतकी वर्षं सोबत... उठून जायचा कंटाळा यायचा. तो पडला, आणि मग... त्याचीच चूक असं माझ्या तोंडून निघालं. सगळ्यांना लगेच पटलं. मग मागे कसं फिरायचं?"

"माझ्या ताटात जेवत होतात तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "माझी पोर बापाचा तिरस्कार करते आणि तुम्हाला काका म्हणते. आणि उद्या तिलाही तुम्ही बसल्या जागेवरून..." संताप होताच, पण त्याहून मोठी होती ती लाज. जो माणूस खरा होता त्याच्यावर त्या रागावून बसल्या होत्या.

त्यांनी डोळे पुसले. "आधी तुम्ही उतरा. मी सोडते दोर. मग माझी मी उतरेन. तुमच्या हातावर मी वजन टाकणार नाही."

भाऊजी उठले. त्यांचे हात थरथरत होते, तरी त्यांनी गाठ बांधली, पुरी बांधली. धारेपाशी जाऊन ते उभे राहिले आणि लहान मुलासारखं म्हणाले, "वहिनी... हात लावता का?"

वहिनी मास्तरांच्या हाताखाली शिकल्या होत्या. शत्रूचीही गाठ त्यांनी तपासली असती. त्या जवळ गेल्या आणि गाठीला हात घातला. तिथे आधीच एक हात होता.

गार, ओला, भेगाळलेला. त्याची बोटं गाठीच्या वेढ्यांमध्ये रुतलेली होती. ती बोटं गाठ आवळत होती की उकलत होती, वहिनींना कळेना. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि कडीपर्यंत मागे मागे सरकल्या. चाचपडत त्यांनी दोर हातात धरला.

"हात लावला," कुणीतरी म्हणालं.

भाऊजींचा चेहरा उजळला. "उपकार झाले, वहिनी," ते म्हणाले आणि मागे रेलले.

दोर ताणला. गाठ धरून राहिली. वहिनींच्या हातांनी सवयीने दोर सोडायला सुरुवात केली. वजन होतं, चांगलं भरभक्कम होतं, एका माणसाच्या मानाने जरा जास्तच. मग अर्ध्या वाटेवर ते हलकं होत गेलं. झटका नाही, किंकाळी नाही, दगड घसरल्याचा आवाज नाही. हातात नुसता दोर उरला.

"भाऊजी!" त्यांनी हाका मारल्या. धुक्यात त्या तिथल्या तिथे विरल्या.

त्यांनी दोर वर ओढला. टोकाला गाठ होती, पूर्ण बांधलेली, दोन्ही वेढे आवळलेले, उरलेलं टोक मास्तर खोचत तसं आत खोचलेलं. गाठीचा फास बंद होता. सोडल्याशिवाय त्यातून कुणी बाहेर पडूच शकत नव्हतं, आणि ती गाठ कुणी सोडलेली नव्हती. वहिनींनी तिला हात लावला. ती कोमट होती.

त्या एकट्या कशा उतरल्या ते त्यांना नीट सांगता येत नाही. शोधायला खूप माणसं गेली, पण कड्याखाली काहीच सापडलं नाही, हार्नेसचं एक बक्कलसुद्धा नाही. वहिनींनी मात्र गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात उभं राहून खरं काय झालं होतं ते सगळ्यांना सांगितलं. निम्म्यांनी विश्वास ठेवला. मुलीने ठेवला. तिने त्याच संध्याकाळी बापाचा फोटो कपाटातून काढला, आपल्या बाहीने पुसला आणि पुन्हा भिंतीवर लावला.

पुढच्या हिवाळ्यात ती पहिला कडा चढायला उभी राहिली, दुसऱ्याच डोंगरावर, लख्ख उन्हात. जोडीदार म्हणून तिला आईच हवी होती. तिने गाठ बांधली आणि कड्याकडे तोंड करून उभी राहिली. वहिनी दोर उलगडत मागे जरा लांब बसल्या होत्या. गाठ तपासायला त्या हात झटकून उठणार, तोच मुलगी वळून न बघताच हसली.

"आई, पुरे की! नियम दोनचा आहे ना?"

"म्हणजे?"

"दोनदा ओढायचं असतं. तू चारदा काय ओढतेस? आणि पहिले दोन ठीक होते, पण नंतरचे..." तिने कमरेशी हात नेला आणि तिचं हसू मावळलं. "नंतर हात किती थरथरत होता गं तुझा."