वाळूचा शेक

शिवकांत तसा खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. परभणीत स्टेशनच्या अलीकडे त्याचं किराण्याचं दुकान. तांदळात खडे असले तर गिऱ्हाइकाला आधीच सांगून मोकळा व्हायचा, अन घरी त्रिवेणीची बोलणी खायचा. असा माणूस आईशी एकदा खोटं बोलला, तेही तिच्या भल्यासाठी. भल्यासाठी बोललेलं खोटं लय महागात पडतं, बघा.

आई म्हणजे भागम्मा. चौऱ्याहत्तरी उलटलेली. तिचे मालक रामलिंग ट्रकवर होते. ते एकदा रत्नागिरीपर्यंत जाऊन आले अन ओसरीवर बसून म्हणाले, "भागे, त्या पाण्याला पलीकडचा काठच न्हाई." तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं, मरायच्या आधी एकदा समुद्र बघायचा. रामलिंग गेले, त्यालाही बारा वर्षं झाली. शिवकांत दर साली म्हणायचा, दिवाळीनंतर नेतो अव्वा. दिवाळ्या निघून गेल्या. आधी तिचे गुडघे गेले, मग डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. साखर वाढलेली, म्हणून डॉक्टर ऑपरेशनला हात लावीनात. पंधरा तासांचा प्रवास आता तिला झेपणारच नव्हता. अन हे सगळं आपल्या चालढकलीनं झालं, ही बोच शिवकांतला गल्ल्यावर बसू देत नव्हती.

अशात दुकानावर एक कागद आला. 'मिनी गोवा, एक दिवसाची सहल. चहा, नाष्टा, जेवण, गाईड सोबत.' मिनी गोवा म्हणजे आपली गोदावरीच. सोनपेठच्या बाजूला बंधाऱ्याचं पाणी तुंबून नदी ऐसपैस झालेली, अन काठाला वाळूचा चांगला पट्टा. रविवारी तिथं उंटसुद्धा यायचा म्हणे. शिवकांतनं कागद दोनदा वाचला. आईच्या डोळ्यांना पलीकडचा काठ कुठं दिसणार होता?

"अव्वा, रविवारी समुद्राला जायचं," त्यानं सांगितलं.

"एका दिवसात माघारी?"

"रस्ते लय झालेत आता."

म्हातारीचा चेहरा असा उजळला की शिवकांतला मान वर करता येईना. स्वयंपाकघरात त्रिवेणीनं त्याला धरलं. "जन्मदात्या आईला फसवायलाव तुमी. कुठं फेडाल हे?" त्यानं पाण्याचा तांब्या उचलला अन बाहेर गेला.

रविवारी भागम्मा पहाटे चारलाच आंघोळ करून बसली. पण पूजा केली नाही. यांचं घर लिंगायतांचं, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती अन बेल वाहायचा, मग तोंडात घास. साठ वर्षांत तिनं हा नेम चुकवला नव्हता. ती म्हणाली, "आज समुद्राच्या पाण्यानं पूजा करीन. तोवर पाणीसुद्धा नको मला." झालं. एका खोट्यानं म्हातारी उपाशी बसली.

गाईड नागेश हसतमुख गडी. डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, हातात माईक. पाथरी रोडच्या अलीकडे गाडी नाष्ट्याला थांबली तेव्हा शिवकांतनं त्याला बाजूला घेतलं. "नदी म्हणू नका. आमच्या आईसमोर समुद्रच म्हणा."

"काका, मी तर सगळ्यांसमोर समुद्रच म्हणतो," नागेश म्हणाला. "लोकायला बरं वाटतं."

दहाच्या सुमाराला ते काठावर पोचले. फाल्गुनाचं ऊन होतं, पण आभाळ मळकट. वारा पडलेला. पाण्यात मधोमध एका बुडालेल्या चिंचेचा वाळका शेंडा तेवढा वर होता. कधीकाळी तिथं गाव होतं, ते बंधाऱ्यात गेलं. पोरं पाण्याकडे धावली, उंटवाला आला, कुणीतरी भजी तळायला घेतली. भागम्मा काठीवर रेलून समोर बघत राहिली.

"खरंच रे शिवा. पलीकडचा काठच न्हाई."

पलीकडे ऊस होता अन पाण्याच्या मोटारीची एक खोली होती. शिवकांत म्हणाला, "न्हाईच दिसत."

नागेशच्या सहलीत म्हाताऱ्यांसाठी एक खास काम असायचं, वाळूचा शेक. बाभळीखाली ओळीनं खड्डे करून ठेवलेले. खुर्चीवर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे, वरून तापलेली वाळू लोटायची. गुडघ्याला लय उतार पडतो म्हणे. भागम्माला तो गलबला नको होता. पूजा करायची तर जागा एकांताची पाहिजे. काठी टेकत ती एकटीच दूर गेली, एका उंचवट्याला थांबली अन काठी रोवून म्हणाली, "हितं."

शिवकांतनं जेवणाच्या ताटलीनं वाळू काढायला घेतली. वाळू अशी पटापट निघत होती, जणू आधीच कुणी तो खड्डा करून ठेवला होता. त्यानं अन त्रिवेणीनं धरून तिला पाय लांब करून आत बसवलं. आधी पायच तेवढे झाकले. घटकाभरानं म्हातारी हसली.

"शिवा... गुडघा वळायलाय रे."

अन बघता बघता तिनं मांडी घातली. सहा वर्षं जी बाई जमिनीवर बसली नव्हती, ती पालखट मांडी घालून बसली. त्रिवेणीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अजून लोट," भागम्मा म्हणाली, "कमरेपत्तर लोट. लय बरं वाटायलंय." शिवकांतनं दोन्ही हातांनी ओंजळीनं वाळू लोटली. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. दोन्ही हात तेवढे बाहेर ठेवले. तिनं गळ्यातली चांदीची डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं. त्रिवेणीनं तिच्या कपाळाला विभूतीची तीन बोटं ओढली. शिवकांतनं तांब्याभर पाणी आणून दिलं अन पिशवीतला बेल पुढं केला.

पूजा झाली. आता तीर्थ घ्यायचं, अन शिवकांतला आठवलं. समुद्राचं पाणी खारट असतं हे रामलिंगांनी तिला शंभरदा सांगितलेलं. हे तर गोदावरीचं गोडं पाणी. आता धरले जाणार आपण.

भागम्मानं तीर्थ ओठांना लावलं. जीभ फिरवली.

"खारट हाय की रे," ती समाधानानं म्हणाली.

लेकाचं मन राखायलीय, असं त्याला वाटलं. तरी त्यानं तिच्या तळहातावरचे उरलेले दोन थेंब बोटानं जिभेवर घेतले. पाणी खारट होतं. त्यानं तांब्यातलं चाखलं, ते गोड होतं. मग त्यानं तिच्या छातीजवळची वाळू चिमटीत घेतली अन तोंडात टाकली. ती मिठासारखी कडक खारट होती.

एवढ्यात वरच्या माळावरून मेंढरं उतरली. शंभरेक असतील. बाकी सगळा काठ सोडून ती सरळ भागम्माच्या भोवती आली अन माना खाली घालून वाळू चाटायला लागली. आवाज दुसरा कसलाच नाही, नुसत्या जिभांचा. त्यांच्या मागून घोंगडीवाला म्हातारा पळत आला, त्यांना हाकलता हाकलता त्याची नजर खड्ड्याकडं गेली अन त्याचे पाय जागीच थांबले. तो मल्हारी, बुडालेल्या गावातलाच धनगर.

"पावनं," तो हळूच म्हणाला, "हे काय करायलाव?"

"शेक द्यायलाव. गुडघ्याला."

"हितं? ही तुमच्याच लोकायच्या मसणवाट्याची जागा व्हती. गाव बुडायच्या आधी. मेंढरं मिठाला येतेत, मी त्यायला चाटू द्येत न्हाई." तो थांबला. "जित्या माणसाला बसवून माती द्यायलाव का हो?"

शिवकांतनं वाळूनं माखलेले आपले हात बघितले. यांच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात, अंगाभोवती मीठ, अन मग माती. पहिली ओंजळ थोरल्या लेकाची. बारा वर्षांपूर्वी बापाच्या वेळी त्यानं हे स्वतः केलेलं. तरी आज त्याच्या ध्यानात आलं नाही. समोर जिती, हसणारी आई बसलेली असताना कुणाच्या ध्यानात येईल?

"अव्वा, ऊठ. ऊठ लवकर."

भागम्मानं डोळे मिटले होते. आवाज अगदी बारीक झाला होता.

"शिवा... माझ्या मांडीखाली मांडी लागायली रे."

"काय?"

"कुणीतरी बसलंय खाली... मांडीवर घेतलंय मला..."

शिवकांत अन त्रिवेणी दोघांनी वाळू उकरली, काखेत हात घातले अन जीव खाऊन ओढलं. आधी ती जागची हलेना. मग एकदम हलकी झाली. शिवकांत पुढं कितीदा तरी त्रिवेणीला हेच सांगायचा, की आपण वरून ओढलं खरं, पण खालूनही कुणीतरी उचलून दिलं, पाळण्यातलं पोर द्यावं तसं. खड्डा त्यांच्या डोळ्यांदेखत भरून आला. मल्हारीनं घोंगडीचं टोक तोंडाला लावलं होतं.

भागम्मा उभी राहिली. काठी वाळूत रोवलेली तशीच सोडली अन तरातरा गाडीकडे चालत गेली.

सगळी गाडी खूश. नागेशनं माईकवरून जाहीर केलं की आजीचे गुडघे बरे झाले, टाळ्या वाजवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भागम्मा खिडकीशी मांडी घालून बसली होती, डावी मूठ घट्ट मिटलेली. तिनं समोरच्या दुकानाची पाटी वाचली. सोनपेठ सोडताना पुढच्या गावाचं नाव वाचलं. मग शिवकांतकडं वळून गोड हसली अन म्हणाली, "दमला असशील बाळा."

बाळा. तिनं त्याला जन्मात शिवाशिवाय हाक मारली नव्हती.

दिवेलागणीला तिनं मूठ उघडली. त्रिवेणी समई लावत होती, तिनं आधी बघितलं अन शिवकांतला खुणावलं. तळहातावर लिंग होतं, पण ते भागम्माचं नव्हतं. डबी तांब्याची, काळीठिक्कर, झाकणाच्या सांध्यात चिखल बसलेला. दोरा तर कुजून गेलेला.

"अव्वा, तुमची चांदीची डबी कुठंय?" त्रिवेणीनं विचारलं.

"ही माझीच हाय," ती म्हणाली, अन सुईत दोरा ओवून फाटका परकर शिवायला बसली.

दोन दिवस शिवकांत जेवला नाही. त्रिवेणी त्याला समजावायची, "नजर आली, गुडघे आले. लोक नवस करतेत ह्याच्यासाठी, अन तुमी रडायलाव." पण तीही आता रात्री दाराला आतून कडी लावून झोपायची. शिवकांतला मनातून एकच कळत होतं, की आपली आई आपण वाळूत ठेवून आलोय.

बुधवारी सकाळच्या एसटीनं तो सोनपेठला उतरला, पुढं जीप धरली. काठावर चिटपाखरू नव्हतं. मल्हारी भेटला. खणायला तो तयार झाला नाही, पण दूर उभा राहतो म्हणाला. वाळू सगळीकडं सपाट, काठीसुद्धा नव्हती. शिवकांतनं अंदाजानं जागा धरली अन हातानं उकरायला लागला. वरची वाळू सकाळची गार होती. कोपरापर्यंत हात गेल्यावर ती ऊन लागायला लागली. खांद्यापर्यंत गेला, गाल वाळूला टेकला.

अन खालून एका हातानं त्याची बोटं धरली.

तो ओरडला नाही. त्या हाताची करंगळी वाकडी होती, जात्याच्या खुंट्यानं लहानपणीच मोडलेली. या हातानं त्याला भाकरी भरवली होती.

"अव्वा..." वाळूत तोंड खुपसून तो रडला. "अव्वा, हा समुद्र न्हाई गं. मी खोटं बोललो. नदी हाय ही... चल घरी. चल..."

हातानं त्याच्या बोटांवर दोनदा थोपटलं. मग त्यानं धरून ओढायला जोर लावला, तसा हात सुटला, अन तळव्यानं त्याला वर लोटलं. लहानपणी शाळेच्या फाटकात तो रडत माघारी फिरायचा तेव्हा ती असंच लोटायची. जा म्हणायची. आता थांबू नको म्हणायची.

त्यानं पुन्हा हात घातला तेव्हा खाली नुसती गार वाळू होती. दुपारपर्यंत उकरून त्याची नखं फाटली. शेवटी मल्हारीनंच त्याला दंडाला धरून उठवलं अन जीपपाशी सोडलं.

घरी पोचला तेव्हा पाच वाजले होते. त्रिवेणी दुकानावर होती. दार उघडंच. आत आईच्या लुगड्यातली ती चुलीपुढं मांडी घालून बसली होती, गॅस असताना तिनं परसातली जुनी चूल आत आणून मांडली होती अन भाकरी थापत होती. तिनं त्याच्या रक्ताळलेल्या नखांकडं बघितलं. पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, पाट मांडला, ताट वाढलं.

मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं तिनं विचारलं, "भेटली का?"

शिवकांत उंबऱ्यातच उभा राहिला.

"बरी हाय ना?" ती म्हणाली. "बस, जेवून घे."