एका घरचं एक माणूस

आमच्या घरी अमावास्येला दिवेलागणीच्या वेळी दारावरची बेल वाजली, तर कोणी उठत नाही.

दूधवाला असो, पाहुणा असो, सख्खा भाऊ असो. सात वाजेपर्यंत त्याने बाहेर उभं राहायचं.

लोक हसतात. हसोत बापडे. हे जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी आत्या, अरुणाआत्या. पोस्टात नोकरी करणारी, हिशेबी, खमकी बाई. भुताखेताचा विषय निघाला की "तुम्हाला कामं नाहीत" म्हणून उठून जायची. तिने हे मला एकदाच सांगितलं, हॉस्पिटलच्या खाटेवरून. आणि शेवटचा भाग मी माझ्या कानांनी ऐकला. यात पदरचं काही घातलेलं नाही.

साल १९९३. जागा, बेलापूर.

त्या वर्षी गणपतीनंतर जयप्रकाशकाकांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, हार्ट अटॅक आला. वय पन्नास. कारण काय, तर शेजाऱ्याचं गोदरेजचं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायला हा माणूस पुढे! काकांचा स्वभावच तसा. कोणी हाक मारायचा अवकाश, की हे चपला घालून तयार. सोसायटीचं श्रमदान असो, गणपतीचा मांडव असो, काकांनी कधी "नाही" म्हटल्याचं कोणाला आठवत नाही.

डॉक्टरांनी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं, "ओझं नाही, धावपळ नाही. दुसरा झटका आला तर आमच्या हातात काही राहणार नाही."

आत्याने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

दिवाळीत त्यांना चेंबूरच्या गोंगाटातून बाहेर काढायचं ठरलं. माझ्या वडिलांनी बेलापूरला खाडीकाठी नवा फ्लॅट घेतला होता. तळमजला, पश्चिमेला गॅलरी. आठ बिऱ्हाडांच्या इमारतीत अजून कोणीच राहायला आलेलं नव्हतं. समोर शंभर पावलांवर मातीचा जुना बांध, मध्येच तुटलेला. त्याच्यापलीकडे खाडी.

काका तिथे लहान मुलासारखे रमले. रोज साडेपाच वाजले की खुर्ची गॅलरीत.

"अरुणा, ये लवकर! बुडतोय बघ!"

आत्या हातातलं टाकून जायची. आकाश केशरी व्हायचं, खाडीचा चिखल तांब्यासारखा चमकायचा. आवाज म्हणून नाही. काकांच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण इतकं निवांत आपण कधी बसलोच नाही, असं तिला वाटलं.

चौथ्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा ऐकलं...

पाणी.

धो धो वाहणारं पाणी. कुठेतरी भगदाड पडावं आणि लोंढा आत घुसावा, तसं.

तिने खाडीकडे पाहिलं. पाणी पार लांब, मधल्या धारेत. काठाला नुसता चिखल.

"तुम्हाला आवाज येतोय?"

"कसला? अगं, किती शांत आहे!" काका म्हणाले.

पाचव्या संध्याकाळी बांधावर माणसं दिसली. एका ओळीत, खांद्याला खांदा लावून उभी. उजेड त्यांच्या मागे, त्यामुळे चेहरे कळेनात. हात मात्र हलत होते. डावीकडून घ्यायचं, उजवीकडे द्यायचं.

ओळीच्या मधोमध... एकाच माणसाची जागा मोकळी होती.

"कोण लोक आहेत हो ते?"

काकांनी चष्मा पुसला. "कुठे? मला तर बांधावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तू नंबर तपासून घे."

आत्याने विषय सोडला. आपल्याला भास होतोय हे नवऱ्याला सांगून त्याच्या जिवाला घोर लावणारी ती नव्हती.

मग आला लक्ष्मीपूजनाचा दिवस. अमावास्या.

तिने दारात रांगोळी काढली, पणत्या लावल्या. त्या वेळी दार बंद ठेवायचं नसतं आणि दारी आलेल्याला "नाही" म्हणायचं नसतं, हे तिच्या आईने शिकवलेलं. दार सताड उघडं होतं. काका गॅलरीत सूर्याची वाट बघत बसलेले.

तेवढ्यात लांबून हाक आली...

"एका घरचं एक मानूस! बांदाव चला!"

मग दार ठोठावल्याचा आवाज. मग पुन्हा हाक, जरा जवळून.

आत्याला आधी वाटलं, कसली तरी वर्गणी असेल. मग तिच्या लक्षात आलं...

आजूबाजूच्या सगळ्या इमारती रिकाम्या होत्या.

कोणाची दारं ठोठावत होता तो?

आवाज थांबला. आत्याने मान वर केली, तर दारात एक म्हातारा. डोक्याला फडकं, कमरेला लंगोटी, मांडीपर्यंत ओला चिखल. तो थेट रांगोळीवर उभा होता.

रांगोळीची एक रेघ पुसली गेली नव्हती.

"बाय, बांदाला खांड परली. रातच्या भरतीच्या आदी बुजवाची हाय. तुमच्या घरचं कोन येतंय?"

आत्या पणत्यांजवळून उठली. आणि आतून काकांचा उत्साही आवाज आला, "कोण आहे गं? श्रमदान आहे का? सांग त्यांना, आलोच म्हणावं!"

खुर्ची सरकली. काका चपला शोधू लागले.

आत्याला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. हा माणूस जाणार. आपण कितीही अडवलं तरी जाणार, चिखल उपसणार आणि तिथेच कोसळणार. तिच्या जिभेवर आलं होतं, "घरात माणूस नाहीये." पण समोर पणत्या जळत होत्या. नवरा घरात बसलेला असताना, लक्ष्मी यायच्या वेळी, असं अभद्र कसं बोलायचं?

तिने म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"आमच्या घरचं मी येते. ह्यांना बोलवायचं नाही. कधीच नाही."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला.

"कदीच नाय," तो म्हणाला. "पन मंग तू येशील."

"येईन."

काका चपला घालून दारात आले, तेव्हा बाहेर कोणी नव्हतं.

"मीच जाऊन बघून येते," आत्या म्हणाली. "तुम्ही बसा. माझी शपथ आहे."

तिचे पाय तिला घेऊन गेले. बांधाशी तिने चपला काढल्या, पदर खोचला. ओळ उभी होती. मधली जागा मोकळी होती. ती जाऊन तिथे उभी राहिली.

डावीकडून चिखलाचा गोळा हातात आला. गार. तिने तो उजवीकडे दिला. मग दुसरा. मग तिसरा.

कोणी बोलत नव्हतं. कोणाचा श्वास ऐकू येत नव्हता. फक्त पाण्याचा आवाज... आणि पाणी कुठेच नाही. शेजारच्याकडे बघायचा धीर तिला झाला नाही. देणारे हात मात्र तिने पाहिले. नखं पांढरीफटक, बोटांची कातडी पाण्यात भिजून सुरकुतलेली.

सूर्य बुडाला आणि हात थांबले.

ती बांधावर एकटी उभी होती.

घरी आली तर काका हसत होते. "मी गॅलरीतून बघत होतो की! कोणी नाही काही नाही, एकटीच उभी राहून कसले हातवारे करत होतीस? सूर्याला ओवाळत होतीस का?"

आत्या मोरीत गेली. कोपरापर्यंत चिखल होता. तीन वेळा साबण लावला, तरी नखांतला निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना झाडायला शेवंताबाई आली. गावातलीच, साठीची. तिने आत्याची नखं पाहिली आणि झाडू खाली ठेवला.

"काल आलता का तो?"

आत्याने मान हलवली.

"धर्मराज त्याचं नाव. घरोघरी जाऊन बोलवाचं काम त्याचं. मी नवी नवरी व्हते तवाची गोष्ट हाय. अशीच दिवालीची अवस, भात कापनीला आलेला. दुपारच्या भरतीनं बांद फुटला. खारं पानी शेतान शिरलं तर सगला गाव उपाशी. म्हून वोटीला, पानी उतरलं का, एका घरचं एक मानूस उभं राह्यचं, रातच्या भरतीआदी खांड बुजवाची. एका घरचं कोन गेला नाय. एक मानूस कमी परला. खांड बुजली नाय, आनि रातच्या भरतीनं वलीतली सात मानसं नेली. धर्मराज बी गेला."

"कोणाच्या घरचं गेलं नव्हतं?"

शेवंताबाईने पदराने तोंड पुसलं.

"माज्या," ती म्हणाली. "नवरा तापानं फणफणलेला. मीच दारातून बोलले, घरान मानूस नाय." मग तिने आत्याचा हात धरला. "तू काय बोललीस, बाय?"

"मी येईन म्हणाले."

शेवंताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग आता चुकवू नको."

आत्या आणि काका चेंबूरला परतले. आत्याने ठरवलं, झालं ते झालं, विसरायचं. पुढची अमावास्या आली आणि ती ऑफिसातून सरळ घरी आली.

सहाच्या सुमाराला काकांनी छातीला हात लावला. घाम फुटला, ओठ निळे पडले. आत्या डॉक्टरांना बोलवायला दाराकडे धावली आणि तिचा पाय घसरला...

पायपुसणं ओल्या चिखलाने भरलेलं होतं.

तिने तिथेच उंबऱ्यावर डोकं टेकलं. "चुकले. पुढच्या वेळी येते. ह्यांना सोडा."

काकांनी मोठा श्वास घेतला आणि पाणी मागितलं.

त्यानंतर आत्याने एकही अमावास्या चुकवली नाही. हाफ डे टाकायची, गाडी पकडायची, बेलापूरला उतरायची. सहा वर्षं. तापात गेली, स्वतःच्या भावाच्या साठीशांतीचं जेवण अर्धवट टाकून गेली. काकांनी विचारलं तर सांगायची, "सूर्यास्त बघून येते. मला तिथला फार आवडतो."

काका सोबत यायला निघायचे. ती येऊ द्यायची नाही.

१९९९ च्या पावसाळ्यात आत्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती हातची गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने मला हे सगळं सांगितलं. स्वतःच्या मरणाची तिला भीती नव्हती. माझा हात घट्ट धरून ती एकच म्हणत होती, "आता ह्यांचं काय रे होणार?"

ती गेल्यानंतरच्या पहिल्या अमावास्येला मी चेंबूरला काकांजवळ थांबलो. दाराला आतून कडी घातली. अँब्युलन्सचा नंबर लिहून फोनपाशी ठेवला. काका टीव्ही बघत होते. मी त्यांच्या छातीकडे बघत होतो.

सहा वाजले.

सव्वासहा...

जिन्यात पावलं वाजली. ओली, अनवाणी. पहिला मजला. दुसरा. आमच्या दाराशी येऊन थांबली.

मी उठून काका आणि दार यांच्या मध्ये उभा राहिलो. आता विचारेल. आता हे उठतील आणि "आलोच" म्हणतील.

दाराबाहेर कोणीतरी हळूच बोललं...

"या घरचं मानूस आलंय."

आणि पावलं पुढे निघून गेली.

"कोण होतं रे?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही, काका."  मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो.

काका आज एक्याऐंशी वर्षांचे आहेत, आता माझ्याकडेच राहतात. आत्या गेल्यापासून त्यांच्या छातीत एकदाही दुखलं नाही. डॉक्टर त्यांचे कागद बघतात आणि चक्रावतात. मी चक्रावत नाही. मला ठाऊक आहे, ते कोणाच्या जिवावर जगतायत.

पण गेल्या दिवाळीपासून काकांनी एक नवा हट्ट धरलाय.

"मला एकदा बेलापूरला ने. हिला तिथला सूर्यास्त किती आवडायचा! दर महिन्याला जायची वेडी. मी एकदाही सोबत गेलो नाही रे."

मी टाळतो. गाडी बिघडलीय म्हणतो, पाऊस येईल म्हणतो. अमावास्या कधी ते त्यांना कळू नये म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढून मी कपाटात ठेवलंय.

कारण तेव्हा बांधावर काकांना कोणी दिसलं नव्हतं. पण आता त्या ओळीत आत्या आहे. ती त्यांना दिसली, तर हा माणूस चपला काढून तिच्या शेजारी उभा राहील. तो कधी "नाही" म्हणालेलाच नाही.

परवा संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा काका गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. आमच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. बाकी काही नाही.

"काय बघताय, काका?"

त्यांनी मला गप्प बसायची खूण केली. चेहरा खुलला होता.

"ऐक," ते म्हणाले. "हाक मारतेय. बुडतोय म्हणते, या लवकर."

त्यांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती.