सवतीला दाखवलेली डिस्क

सकाळच्या पॅसेंजरला गर्दी नव्हती. पूर्णा स्टेशनात राजेश्रीला खिडकीजवळची जागा मिळाली. तिनं मांडीवर कापडी पिशवी घेतली आणि पिशवीवर दोन्ही हात ठेवले. पिशवीत बंद पडलेला एक लॅपटॉप होता. काम साधंच होतं. परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जायचं, लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून घ्यायची आणि अशा डिस्कसाठी छोटी पेटी मिळते तिच्यात बसवायची. मग वायर लावून ती टीव्हीला जोडा नाहीतर मोबाईलला, हवं ते साठवा. लग्नाआधी ती जिंतूरला मामाच्या झेरॉक्स सेंटरवर बसायची, तिथं असली कामं तिनं कितीदा पाहिली होती.

तिचा मोबाईल गच्च भरला होता. महारुद्र, तिचा दीड वर्षाचा पोरगा, त्याचं पहिलं रडणं, पहिलं हसणं, पालथं पडणं, रांगणं, सगळं त्यात होतं. आता नवा व्हिडिओ काढायचा तर जुना पुसावा लागत होता, आणि तिच्यानं एकही पुसवत नव्हता. नवऱ्याला तिनं हेच कारण सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

लॅपटॉप सृष्टीचा होता. सृष्टी म्हणजे भागवतची पहिली बायको. खाजगी शाळेत शिकवायची, लॅपटॉपवर पोरांसाठी धडे तयार करायची, आणि एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन नांदेडच्या दवाखान्यात वारली. तिच्यामागं लॅपटॉपही बंद पडला. पण भागवतनं तो विकला नाही, भंगारात दिला नाही. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात ठेवला. बरं, नुसता ठेवून गप्प बसला असता तरी एक वेळ राजेश्रीनं गिळलं असतं. दर दसऱ्याला हा माणूस तो बाहेर काढायचा, पुसायचा, झेंडूचं फूल वाहायचा. भागवत मालगाडीवर गार्ड होता. त्याची शिट्टी आणि झेंडी पूजेला असायची, तिथवर ठीक. पण राजेश्रीचं शिलाई मशीन पूजेला ठेवायचं त्याच्या कधी लक्षात राहिलं नाही, आणि बंद पडलेलं ते डबडं मात्र तो कधी विसरला नाही. ती आतल्या आत जळायची. मेलेल्या बाईवर जळावं लागतं याची लाज वाटायची, आणि त्या लाजेनं ती आणखी जळायची.

दुकानदार सलीमभाईंनी पेचकसानं लॅपटॉप उघडला, तळहातावर मावेल एवढी डिस्क काढली आणि आपल्या कॉम्प्युटरला जोडून बघितली.

“भाभी, डिस्क चांगली हाय. लेकिन यात लय काय काय हाय. फोटो हायेत, आवाज हायेत. पाहून घ्या की एकदा.”

घरून निघताना भागवतनं तेवढंच बजावलं होतं. “तिचं कायतरी असंल त्यात. तेवढं ठेव बाजूला,” असं तो चपला शोधत, तिच्याकडं न बघता बोलला होता. “ठेवते की,” असं तिनंही कबूल केलं होतं.

“पुसून टाका,” राजेश्री म्हणाली.

“समदं?”

“समदं. मागं काय राहायला नको.”

“मग वेळ लागंल. पार कोरी करावी लागंल.”

“बसते मी.”

ती बसून राहिली. पडद्यावर एक हिरवी पट्टी सावकाश सरकत होती. ती पुढं जाईल तसं राजेश्रीचं अंग हलकं होत होतं. खोटं कशाला बोला, इतकं सुख तिला लग्नातसुद्धा झालं नव्हतं. डिस्क कोरी झाली, नव्या काळ्या पेटीत बसली, मोबाईलमधला सगळा महारुद्र तिच्यात गेला. सलीमभाईंनी दोन-तीन व्हिडिओ लावून खात्री केली, मग तिच्यादेखत मोबाईल रिकामा केला. उघडा पडलेला लॅपटॉप तिथंच भंगारात टाकून ती परतीच्या गाडीत बसली आणि मिरखेलपर्यंत मनातल्या मनात गात होती.

घरी आली तेव्हा सासू दारातच बसली होती, पोरगा तिच्या मांडीवर झोपला होता. तानुबाई म्हातारी तशी मायाळू, पण रिवाजाला पक्की. राजेश्री दुसरेपणावर आलेली, म्हणून लग्नाच्या दिवशीच तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक चांदीचा टाक पडला होता. नखाएवढा पत्रा आणि त्यावर उठवलेली बाईची आकृती. ती सृष्टी. घरात राजेश्रीसाठी नवं काही आलं, लुगडं असो की बांगडी, ते आधी त्या टाकाला लावायचं, “बाई, आधी तुझं, मग माझं” म्हणायचं आणि मगच वापरायचं. पहिलीचा जीव गुंतलेला असतो, तिला विचारल्याशिवाय घेतलं तर ती सोसत नाही, असं मानतात. राजेश्रीला आता त्याची सवय झाली होती. कुकर आला तेव्हाही तिनं टाकाला लावला होता.

“काय आणलंस ते?” तानुबाईनं विचारलं.

“पेटी हाय मामी. रुद्राचे व्हिडिओ ठेवायला.”

“नवी हाय ना? मग दाखव तिला आधी.”

एरवी राजेश्रीनं तोंड वाकडं केलं असतं. आज तिला हसू आलं. बघ म्हणावं बाई, तुझं काही उरलं नाही यात, बघून घे डोळे भरून. तिनं हळदी-कुंकवाचं बोट पेटीला लावलं, पेटी गळ्यातल्या टाकाला टेकवली आणि सवयीनं बोलून गेली, “बाई, आधी तुझं, मग माझं.”

पेटी तिच्या हातात घरघरली. डिस्क फिरायला लागली की घरघरते, तशी. वायर तर पिशवीतच होती. तेवढ्यात मागच्या रुळांवरून मालगाडी जाऊ लागली, भांडी हलली आणि राजेश्रीला वाटलं, गाडीचाच हादरा असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर ऊन मी म्हणत होतं. तानुबाई माजघरात आडवी झाली होती, पोरगा पाळण्यात होता. राजेश्रीनं पेटी टीव्हीला जोडली. तिला आधी पहिल्या पावलांचा व्हिडिओ बघायचा होता. तो तिचा जीव की प्राण. भागवतनं मोबाईल धरलेला, समोर ती हात पसरून बसलेली, आणि पोरगं डुलत डुलत येऊन तिच्या मांडीत कोसळतं, असा तो होता.

व्हिडिओ सुरू झाला. ती होती, हात पसरून बसलेली. पोरगं उठलं, डुललं, चार पावलं टाकली. तिच्यापर्यंत आलं… आणि तिच्या शेजारून पुढं गेलं. चौकटीच्या बाहेर. तिथून त्याचं खुदखुद हसणं तेवढं ऐकू आलं. पडद्यावरची राजेश्री मात्र रिकाम्या मांडीकडं बघून हसत होती, मांडीवरचं काहीतरी कुरवाळत होती.

तिनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. त्या दिवशी तो मांडीत पडला तेव्हाचं त्याचं वजन, त्याचं घामेजलं डोकं तिला आठवत होतं. सलीमभाईंनी दुकानात हाच व्हिडिओ लावला होता, तेव्हा तो नीट होता.

दुसरा लावला. यात ती स्वतः मोबाईल धरून त्याला हाका मारत होती. पोरगं वर बघून हसलं. आणि हाक आली. “रुद्रा… ए रुद्रा… हिकडं बघ, आईकडं बघ…”

तो आवाज तिचा नव्हता.

सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलणारा आवाज होता. वर्गात पोरांना शिकवताना बाई बोलतात तसा. राजेश्रीनं सृष्टीला कधी ऐकलं नव्हतं. तरी तिनं ओळखलं. तिनं झटकन वायर उपसली. टीव्ही काळा झाला आणि खोलीत धुरीचा वास पसरला. ओवा, शेपा, लसणाची सालं. तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर देतात ती धुरी. या घरात कितीतरी महिन्यांत शेगडी पेटली नव्हती.

“मामी… ओ मामी…”

तानुबाई उठून आली. राजेश्रीनं सगळं सांगितलं. परभणीत काय पुसलं तेवढं सोडून. म्हातारीनं पेटीवरचं हळदी-कुंकू बोटानं चाचपलं.

“तू दाखवलीस ना तिला? आधी तुझं म्हणालीस?”

“पेटी दाखवली मी… नुसती पेटी…”

“आन् पेटीत काय व्हतं?”

राजेश्रीनं पेटीकडं बघितलं. ताट भरून दाखवलं की ताटातलंही देऊन टाकल्यासारखं. लुगडं दाखवायचं तर घडी मोडलेली नसते, डबा दाखवायचा तर त्यात काही भरलेलं नसतं. नवी वस्तू कोरीच दाखवायची, एवढी साधी गोष्ट. तिनं मात्र पोटचा पोर आत भरून, वर हळदी-कुंकू लावून, आपल्या तोंडानं ‘आधी तुझं’ म्हटलं होतं.

“तिला लेकराचा लय सोस व्हता गं,” तानुबाई हळू आवाजात म्हणाली. “दिलेलं आता मागायचं कसं?”

“कसं मनजे? माझं हाय ते! तिचं झालं, ‘मग माझं’ कवा येणार?”

तानुबाईनं मान वळवली. ती पाळण्याकडं बघत होती. पाळणा संथ हलत होता. दोरीला कोणाचा हात नव्हता.

त्या दिवसापासून पोरगा आईकडं येईना. रडायचा नाही, किरकिर करायचा नाही. उलट इतका शहाणा झाला की शेजारणी कौतुक करायला लागल्या. राजेश्री भरवायला बसली की तो तोंड फिरवायचा, आणि थोड्या वेळानं बघावं तर वाटी संपलेली असायची. झोपवायला घेतलं की अंग ताठ करायचा, खाली ठेवलं की हसत झोपायचा. राजेश्रीला भीती वाटायची, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा जास्त तिचा जळफळाट होत होता. नवरा तर आधीच अर्धा सृष्टीचा होता. दसरा तिचा, कपाट तिचं, गळासुद्धा तिचा. एक पोर तेवढं राजेश्रीचं होतं. तिनं टाक मुठीत धरून शिव्या दिल्या, मग पदर पसरून विनवण्या केल्या. पेटी पुसून टाकावी तर पोराचं सगळं लहानपण तिच्यातच होतं. तिचा हात धजेना.

एके दिवशी भागवत ड्युटीवरून आला तेव्हा दिवेलागण झाली होती. हातपाय धुऊन तो पोराला घेऊन पलंगावर बसला. चहा ठेवायला राजेश्री आत गेली आणि बाहेर टीव्ही लागल्याचा आवाज आला. ती धावत दारापर्यंत आली.

“रुद्रा… हिकडं बघ, आईकडं बघ…”

पेटी टीव्हीला जोडून भागवत दगडासारखा बसला होता. मग त्यानं मान वळवली. त्याचे डोळे भरले होते.

“तू ठेवलंस,” तो म्हणाला. “मला वाटलं व्हतं… रागाच्या भरात पुसशील. तिचा आवाज ठेवलास तू. लय उपकार झाले गं.”

चार वर्षांच्या संसारात इतक्या मायेनं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

“अहो… ती रुद्राला हाक मारायलीय,” राजेश्री कशीबशी म्हणाली. “ती गेली तवा रुद्रा कुठं व्हता? ऐका तरी… बंद करा ते…”

“हां,” भागवत म्हणाला. त्याला ते कळलं होतं. तिला स्पष्ट दिसलं की त्याला ते कळलं होतं, आणि त्याची त्याला पर्वा नव्हती. तो पुन्हा पडद्याकडं वळला. “परत लाव की. अजून एकदा.”

त्यानं आपल्याच हातानं रिमोट दाबला. बापलेक पाठमोरे बसले होते. टीव्हीचा उजेड त्यांच्या तोंडांवर पडला होता आणि दोघंही हसत होते. भागवत पलंगाच्या एका कडेला सरकून बसला होता. पोरगा दुसऱ्या कडेला होता. मधे एका माणसापुरती जागा सोडलेली होती.

“रुद्रा,” राजेश्रीनं हाक मारली. पोरगं वळलं नाही, म्हणून पुन्हा मारली. “रुद्रा, माझ्या राजा… इकडं ये. आईकडं ये.”

पोरगं वळलं. दारातल्या बाईकडं त्यानं बघितलं, बाजारात अनोळखी माणसानं हात पुढं केला की लेकरं बघतात तसं. त्याचा ओठ थरथरला. मग घाबरून त्यानं दोन्ही हात वर केले आणि मधल्या रिकाम्या जागेत तोंड लपवलं. ते पडलं नाही. तसंच तिरकं, अधांतरी टेकून राहिलं. टीव्हीच्या उजेडात राजेश्रीला त्याचा गाल दिसत होता. तो एका बाजूनं चेपला होता आणि त्यावर साडीच्या काठाची नक्षी हळूहळू उमटत होती.