सक्तीचा रकाना

"आमच्या आधारगृहातून माहितीचा एक कणही बाहेर जात नाही. माहिती गुप्त ठेवण्याचा नवा कायदा आम्ही श्वासासारखा पाळतो!" सचिव दत्तोपंतांनी छाती पुढे काढून जाहीर केलं.

त्यांच्या टकलामागे भिंतीवर यादी डकवली होती. बाराही बायकांची नावं आणि खोल्या, जाड मार्करनं. रोहिणी, खोली चार.

मनवानं ती वाचली. खासगी तपासात पडल्यापासून ती आधी भिंती वाचायची, मग माणसं. तिचे सोबती पुंजाराम, निवृत्त हवालदार, यांनी आधी चहा येतोय का ते पाहिलं.

नवऱ्यांच्या जाचातून सुटून आलेल्या बायकांच्या, राहात्याच्या या आधारगृहात परवा दुपारी रोहिणीचा नवरा सहादेव अकोल्याहून कोयता घेऊन आला होता. तो थेट सात नंबरच्या खोलीत शिरला. तिथं स्वयंपाकीण बनुबाई डोक्यावरून पदर घेऊन पडली होती. तिचं तोंड त्याला दिसलं, तेव्हा उशीर झाला होता. तो अजून फरार होता.

"त्याला कुनी सांगितलं, येवढं शोधून द्या ताई," रोहिणी म्हणाली. "न्हाईतर मी कुठंबी गेले तरी मागनं येनारच त्यो."

"सातमध्ये का शिरला?"

"सात माझीच हुती. आले त्या सकाळी फॉर्मात सातच लिवली. पर ती मोरीजवळची, अन् बनुमावशीचं गुडघं दुखायचं. सांजच्याला अदलाबदल केली."

"तुझा मोबाईल?"

"घाटातच फेकला. फॉर्म हितल्या कम्प्युटरवर भरला. येक रकाना मोकळा सोडू देईना. वर लिवलं हुतं, माहिती कुनालाबी देनार न्हाई."

व्यवस्थापिका शोभाबाईंचे डोळे सुजले होते. "फॉर्म भरून ती जेवणापर्यंत माझ्यासोबत वाटाणे सोलत होती. खोल्या बदलल्या तशी यादी मीच त्याच संध्याकाळी बदलली."

वेबसाइट सांभाळणारा गंधार देवळाली प्रवऱ्याहून आला होता. त्यानं लॅपटॉप उघडला. "संमतीशिवाय आम्ही काही साठवत नाही, मॅडम. मेसेज जातो, त्यात 'होय' दाबावं लागतं. रोहिणीताईंचा फॉर्म अकरा पाचला आला, संमती अकरा बत्तीसला. ही हिरवी खूण."

पुंजाराम मनवाच्या कानाशी लागले. "ताई, ह्या पोरानंच माहिती विकली. कपाळावर लिहिलंय."

"कपाळावर मुरूम आहेत, काका."

मग तिनं सगळ्यांना कचेरीत बसवलं.

"यादी वाचून किंवा इथल्या कुणाकडून कळलं असतं, तर सहादेव चारमध्ये शिरला असता. रोहिणी सातमध्ये आहे, हे आता फक्त फॉर्मला वाटत होतं. म्हणजे फॉर्मच बाहेर गेला."

"म्हंजी गंधारच!" पुंजाराम उठले.

"बसा, काका. अकरा बत्तीसला 'होय' कुणी दाबलं? रोहिणीकडे मोबाईल नव्हता, हातात वाटाणे होते. गंधार, तो मेसेज कुणाच्या नंबरवर जातो?"

गंधारनं मान खाली घातली. "कुटुंबप्रमुखाच्या. जुन्या कागदी फॉर्मवर सही त्यांचीच असायची. दत्तोपंत म्हणाले, तोच नमुना ठेव."

"नवऱ्याचा नंबर मागत हुता फॉर्म," रोहिणी हळूच म्हणाली. "मला पाठ हाय तो येकच."

मनवानं मेसेज मोठ्यानं वाचला. "'आपल्या पत्नीचा पुढील पत्ता व खोली क्रमांक (आधारगृह, राहाता, खोली सात) आम्ही साठवावा, यास आपली संमती आहे काय?'"

सहादेवनं संमती दिली होती. मग तो बसस्टँडवर गेला होता.

"बाकीच्या अकराजणी?" मनवानं विचारलं.

गंधार बराच वेळ पडदा वर-खाली करत राहिला. "नऊ हिरव्या आहेत."

पुंजाराम कुणी न सांगता उठले आणि फाटकाला कुलूप लावून आले. शोभाबाई बायकांना सामान बांधायला सांगायला धावल्या. मनवानं पोलीस ठाण्याला फोन लावला. रोहिणी धरून दहा बायका आजच हलवायच्या होत्या.

दत्तोपंतांनी घाम पुसला, घसा खाकरला.

"मॅडम, निघण्यापूर्वी तेवढा आमचा अभ्यागतांचा फॉर्म भराल का? यजमानांचा नंबर टाकल्याशिवाय तो पुढे सरकत नाही."