काचेवरची मावशी

रंगारीण पार वैतागली होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. सकाळपासून एकच तपासणी पुन्हा पुन्हा करायची आणि दर वेळी ती फसायची, म्हणजे कुणाचंही डोकं फिरणारच ना?

लॅबमध्ये तिला सगळे रंगारीण म्हणत, कारण कामच तसं. मेणात थिजवलेल्या गाठीचा पापुद्र्यासारखा काप काचेवर घ्यायचा, त्यावर अँटिबॉडी सोडायची. ती आपली नेमकी जागा शोधून चिकटते, पण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मागाहून रंगाचा थेंब टाकायचा. अँटिबॉडी चिकटली असेल तिथे तपकिरी, बाकी सगळं निळं. आज काचेवर गाठ होती तिच्या धाकट्या बहिणीची. तपकिरी आलं, तर गोळ्यांनी भागणार होतं. निळं राहिलं, तर पुढचं बोलायची घरात कुणाची छाती नव्हती.

पण रंग खरा मानायचा तर काचेवर साक्षीदार लागतो. इथे प्रत्येक काचेच्या टोकाला एका जुन्या बाईच्या गाठीचा काप लावायची पद्धत होती. बाई कोण, केव्हा गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचा काप मात्र हमखास तपकिरी व्हायचा, म्हणून ती सगळ्यांची लाडकी मावशी. मावशी रंगली तर तपासणी खरी, नाही रंगली तर सगळं रद्द.

आणि आज मावशी रुसली होती. रंगारणीनं नवी बाटली फोडली, पाणी बदललं, काप पुन्हा गरम करून पाहिला. मावशी ढिम्म! बरं, इतर पेशंटांच्या काचांवर बया झकास रंगली होती. फक्त बहिणीच्या शेजारी ठेवली, की निळीच्या निळी.

"आता शेवटचाच काप हं," डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या. "गाठ संपत आलीय. जपून कर."

"मग इतका वेळ काय मी भातुकली खेळत होते, मॅडम?"

डॉक्टरीणबाई निघून गेल्या. खोलीत मेण विरघळवणाऱ्या झायलीनचा उग्र वास कोंडला होता, पंखा घरघरत होता. रंगारणीनं दोन्ही काप काचेच्या दोन टोकांना लावले, मध्ये चांगली बोटभर जागा सोडून. अँटिबॉडी झाली, धुणं झालं. रंगाची बाटली उचलली आणि तिचा बांधच फुटला.

"काय गं मावशी, काय घोडं मारलंय मी तुझं? एवढी वर्षं तुला रोज सांभाळते, आणि माझ्याच वेळेला हा तोरा? घे, काय हवं ते घे... पण आज रंग. तिच्यासाठी रंग."

पंखा थांबला.

त्या शांततेत मावशीचा काप कडेकडेनं गडद होत गेला. मग बहिणीचा. छान, दाट तपकिरी... आणि रंगाची बाटली अजून रंगारणीच्या हातातच होती, झाकण लावलेली. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. ओरडावंसं वाटलं, पण ती गप्प राहिली. तिला तपकिरीच हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मायक्रोस्कोपला डोळे लावले. "अगं, सुटलीस! दोन्ही मस्त रंगलेत. गोळ्या लागू पडतील." मग काच उजेडाला धरून म्हणाल्या, "पण काप एकमेकांना इतके खेटून का लावलेस? मध्ये कणभरही जागा नाही..."

रंगारीण उत्तर देणार, तेवढ्यात फोन वाजला. बहीण. घरी एकटीच पडून होती.

"ताई, कळलं का गं काही?"

"कळलं. चांगलंय सगळं. गोळ्यांनी भागेल, वेडाबाई!" रंगारीण रडायलाच लागली.

पलीकडून हसू आलं नाही.

"ताई... तू कुणाला पाठवलंस का माझ्याकडे?"

"मी? नाही गं. का?"

"कुणी एक मावशी आल्यात. दार तर बंद होतं..." बहिणीचा आवाज एकदम खाली गेला. "पलंगावर माझ्या शेजारी आडव्या झाल्यात. मला नुसतं सरक, सरक म्हणतात. माझी पाठ भिंतीला टेकली गं ताई... तरी म्हणतायत, अजून थोडी सरक."