क्रुसाकडचा पहिला गिलास

संध्याकाळी फोन आला तेव्हा रिशेल इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर एका टेम्पोतल्या कलिंगडांखाली हात घालून उभी होती. कलिंगडांखालून काय निघणार हे तिला ठाऊक होतं. फोनमधून काय निघणार हे नव्हतं.

"तुझो पप्पा पडलो गो!" आई, कार्मेलिना, रडत होती. "लादीन संपली नि क्रुसाकडेच पडलो. तोंड लालबुंद. कुडाळाक घेवन जातंव."

एक्साइजमध्ये नऊ वर्षं काढलेल्या रिशेलच्या डोक्यात कायम दोन रकाने असायचे. माणूस काय सांगतो तो एक. काय सांगत नाही तो दुसरा. दुसरा रकाना भरायला तिला जास्त आवडे.

कुडाळच्या इस्पितळात पोचली तेव्हा तिच्या बापाला, पेद्रूला, अतिदक्षता विभागात घेतलं होतं. छाती भात्यासारखी हलत होती.

"रक्तदाब दोनदा वर आणला, दोनदा घसरला," डॉक्टर संचिता म्हणाल्या. "दारूचा वास येतोय. पण तेवढ्याने माणूस असा होत नाही. आणखी काहीतरी पोटात गेलंय. ते कळलं नाही तर मी किती वेळ खेचणार? घरी औषधं काय घेतात?"

"बीपीची गोळी," कार्मेलिना म्हणाली. "सकाळची एक. बास."

दारूचा वास. रिशेलला तेवढे दोनच शब्द ऐकू आले. ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी पेद्रूने अख्ख्या गावासमोर चर्चमधल्या आल्तारावर हात ठेवून दारू सोडली होती. तीन महिने झाले. अभिमानाने तिने नाक्यावर पेढे वाटले होते. म्हणजे बापाने पेढेही खोटे पाडले!

बाहेर बाकावर बाबली बसला होता. पेद्रूचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. लादीनीला, म्हणजे क्रुसापुढच्या सामुदायिक प्रार्थनेला, पेद्रू व्हायोलिन वाजवायचा आणि प्रार्थना संपली की बाबली चणे नि गिलास फिरवायचा.

"बाबलीकाका, पप्पांक गिलास कोणी दिलो?"

"लिंबूसोडो होतो गो."

"काय होता ता मी विचारूक नाय. कोणी दिलो?"

बाबलीने स्वतःच्या चपला नीट न्याहाळल्या. "मी."

"आणि सोड्यात काय?"

"काय नाय."

"काका, माझ्यासमोर रोज पन्नास ड्रायव्हर 'काय नाय' म्हणतत."

बाबलीचा चेहरा पडला. "उर्राक. अर्धो गिलास. अगो, व्हायोलिनवाल्याचो पयलो गिलास कोरडो ठेवचो नाय, ही क्रुसाकडची रीत! ताका आठ दिवस सर्दी, वास येवक नाय. घामाघूम झाल्लो, घटाघटा प्यालो. आणि उर्राक ही काय दारू? काजीचो रस तो!"

म्हणजे पप्पाने शपथ मोडली नव्हती. ती त्याच्या घशाखाली फसवून उतरवली होती. रिशेलने बाबलीला काही म्हटलं नाही. आधी स्वतःला म्हणून घेतलं.

पण हिशेब जुळेना. हाच पेद्रू एकेकाळी तीन गिलास उर्राक रिचवून सायकलवरून घरी यायचा, तेही गात. अर्ध्या गिलासाने तो मरणाच्या दारात कसा?

उजाडताच ती बापाचे कपडे नि दाढीचं सामान आणायला कट्टा गावाजवळच्या घरी गेली. न्हाणीघरातल्या फळीवर वस्तरा होता, ब्रश होता, तुरटीचा खडा होता. दाढीनंतर लावायचं निळं लोशन नव्हतं. तीस वर्षं एकच लोशन लावणारा माणूस. फळीवर बाटलीचा गोल डाग तेवढा उरला होता.

स्वयंपाकघरात माडाच्या सुरीपासून, म्हणजे माडीपासून, केलेल्या व्हिनेगरची बरणी नव्हती. फ्रिजमधल्या पोर्कला चक्क कोकमाच्या सोलांचा आंबटपणा. हे त्या घरात आजवर घडलं नव्हतं! औषधांच्या डब्यात खोकल्याची बाटलीही नव्हती. आठ दिवसांची सर्दी, आणि चुलीपाशी फक्त आल्याचा काढा.

नाक्यावर रिशेल नको ते शोधायची. इथे हवं तेच गायब होतं.

मग तिला ईस्टर आठवला. शेजारच्या घरी पप्पाने रम घातलेल्या केकचे दोन तुकडे खाल्ले, कानापर्यंत लाल झाला. आईने हातातली बशी ओढून घेतली होती. "पित्त झाला," म्हणाली होती.

आणि नाक्यावर दारू पिऊन पकडलेल्यांच्या बायका आठवल्या. हळूच विचारायच्या, "बाई, चायत घालूची पुडी खंय गावता?"

रिशेलने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, दारू सोडवायचं औषध कुणी चोरून देत असेल तर?"

"किती दिवस?"

"तीन महिने असतील."

"मग सगळं जुळतं. ठेवा फोन!"

दुपारपर्यंत रक्तदाब वर आला आणि वरच राहिला. सायंकाळी पेद्रूला साध्या खोलीत हलवलं. तो डोळे मिटून पडला होता. कार्मेलिना घरून पेजेचा डबा घेऊन आली होती. रिशेलने दार लोटलं.

"पुडी खंयची, मम्मी?"

"कसली पुडी?"

"तू रोज सकाळी ताका देतंस त्या पेजेतली. दारू पोटात गेली तरच ती पेटता. पुडीवाल्यान तुका सांगलेला, दारूचो थेंबसुद्धा लागता नये. म्हणान लोशन गेला, व्हिनेगर गेला, खोकल्याचा औषध गेला. घरात दारू होती थंयसून तू ती वेचून काढलंस. बाबलीचो गिलास तेवढो तुझ्या हातात नव्हतो."

कार्मेलिना खुर्चीवर बसली.

"कट्ट्याच्या बाजारात एकान दिल्यान," ती पुटपुटली. "सात वेळा शपथ घेतल्यान गो ह्येनी. सात वेळा मी चर्चीत मेणबत्त्यो लावलंय. आठव्या वेळेक माझो धीर सुटलो."

"बाबलीकाकान गंमत केल्यान, ताका काय म्हायत? तुका म्हायत होता. रात्रभर डॉक्टर तुका विचारी होते. चार वेळा. चारय वेळा तू बीपीची गोळी सांगलंस. कित्याक?"

"सांगलंय असतंय तर ताका कळला असता. माझो ताच्यार विश्वास नाय म्हणान."

"आणि तो मेलो असतो तर कळला नसता."

कार्मेलिनाने पदर तोंडाशी धरला. दुसरा रकाना पुसून टाकावा असं रिशेलला पहिल्यांदाच वाटलं. पुसेना.

"रिशेल." आवाज खाटेवरून आला. पेद्रूचे डोळे उघडे होते. किती वेळ, कोण जाणे.

"पप्पा, भूक लागली?"

त्याने होकारार्थी मान हलवली. कार्मेलिना लगबगीने उठली. डबा उघडला, पेज वाटीत ओतली, चमचा भरून त्याच्या ओठांशी नेला. बेचाळीस वर्षं तीच त्याला पेज वाढत आली होती.

पेद्रूने ओठ मिटून घेतले. त्याने तिचं मनगट धरलं आणि चमचा हळूच तिच्याकडे वळवला.

"पयलो घास," तो म्हणाला, "तू खा."